सेल्फच्या इंजिनाला बॅटरी कोणती लावायची?



बंदी संपत आली की बॅटरीची चौकशी सुरू होते. आपल्याकडे मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट, आणि कोकणात असलेल्या आपल्या नातेवाईकांकडे १ जून ते ३१ जुलै. दोन महिने बोट उभी राहते, मग पहिल्या दिवशी चावी फिरवली की नुसतं 'टक' असा आवाज येतो आणि पुढे काही नाही. मग धावपळ. इंदूरला कोणी येणार असेल त्याला सांगायचं, "येताना एक बॅटरी घेऊन ये." कोणती, ते कोणी सांगत नाही. आणणारा दुकानात जाऊन दोनच गोष्टी विचारतो, किती एएचची आणि कितीला.

हे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण ते नंतरचे. इंजिन चालू करायच्या बॅटरीला पहिला प्रश्न विचारायचा तो असा : तू एका दमात किती अँपिअर देतेस? त्याचं उत्तर चुकलं की बाकी सगळं बरोबर असूनही बोट पाण्यात उभी राहते. लहान तळ्यावर वल्हं मारून काठ गाठता येतो. पण इंदिरा सागरासारख्या पाण्यावर, २००४ साली सगळं हरसूद ज्याच्या पोटात गेलं त्या पाण्यावर, संध्याकाळी वारा सुटला, खाली बुडालेल्या झाडांचे खुंट, जाळं अर्धं पाण्यात, आणि इंजिन बंद, तर वल्ह्याने काय होणार? म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे. मोठं झालंय, पण घरातल्या इंजिन बघणाऱ्या माणसाला वाचून दाखवा.

आधी एक हिशोब. साधारण दहा-पंधरा हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाचा स्टार्टर फिरताना शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो. पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. आपण मधला आकडा धरू, १५० अँपिअर, आणि इंजिन चालू व्हायला पाच सेकंद लागले असं समजू. बॅटरीतून किती गेलं? १५० गुणिले ५, भागिले ३६००. उत्तर येतं ०.२१ एएच. म्हणजे पाव एएचसुद्धा नाही! आता दुसरीकडे बघा. रात्री बोटीवर १० वॉटचा एक दिवा दहा तास चालला तर ८ एएचपेक्षा जास्त जातं. एका स्टार्टपेक्षा एक दिवा चाळीस पट खातो.

हा हिशोब समजला की अर्धा विषय समजला. स्टार्टरला साठा फार लागत नाही, त्याला जोर लागतो. दिव्याला, मोबाइल चार्जिंगला, मासे शोधायच्या यंत्राला जोर लागत नाही, साठा लागतो. दोन वेगळी कामं आहेत, आणि बॅटऱ्याही दोन वेगळ्या जातींच्या बनतात. एएच हा आकडा साठ्याचा आहे. टाकीत पाणी किती, ते तो सांगतो. नळ किती जाड, ते सांगत नाही.

गेल्या महिन्यात आपल्या एका सभासदाच्या मुलाने मला विचारलं. तो इथे कॉलेजात शिकतो, मित्रांबरोबर इंजिनाची खेळण्यातली विमानं उडवतो. खेळण्यातली म्हणजे लहान मुलांची नाहीत, खरं इंजिन असतं, लिंबाएवढं, स्पिरिटच्या जातीच्या इंधनावर चालतं. ते चालू करायला हातात धरायचा एक बारका स्टार्टर असतो, पुढे रबराची वाटी. ती वाटी पंख्याच्या नाकावर दाबायची आणि बटण दाबायचं. "काका, याला कोणती बॅटरी लावू?" त्याचा प्रश्न आणि आपला प्रश्न एकच आहे, फक्त आकार लहान.

जुने लोक या कामाला यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बंद बॅटरी पेटीत घालून नेतात. वजन दोन किलोच्या वर. हल्लीची मुलं तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी लावतात, २२०० एमएएचची, म्हणजे २.२ एएच, वजन पाव किलोच्या आत. साठा तिपटीहून कमी, तरी स्टार्टर जास्त जोरात फिरतो. का? तिच्यावर २५ सी असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ साठ्याच्या पंचवीस पट करंट ती देऊ शकते : २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर. आणि तेवढा करंट देताना तिचा व्होल्टेज फार खाली बसत नाही. ७ एएचची शिशाची बॅटरी तेवढा ओढ आला की व्होल्टेज टाकते, मग मोटर कण्हते. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की व्होल्टेज तुझ्या स्टार्टरवर लिहिलंय तेवढाच ठेव, चार्जिंग त्याच जातीच्या चार्जरवर कर, फुगलेली बॅटरी वापरू नकोस, आणि विमानाच्या ग्लो प्लगला ही १२ व्होल्टची वायर चुकूनही लावू नकोस. तो प्लग दीड व्होल्टचा असतो, एका क्षणात जळतो. (ही लिथियम पॉलिमर बॅटरी बोटीवर मात्र आणायची नाही. मार लागला, भोक पडलं की पेट घेते. बोटीत आपल्याकडे इंधन असतं.)

आता आपल्या बोटीकडे.

मोटारीची, ट्रॅक्टरची बॅटरी असते ती स्टार्टिंगची. तिच्या आत शिशाच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ. त्यामुळे अ‍ॅसिडला भिडणारं अंग जास्त आणि एकदम मोठा करंट निघतो. पण तिला पूर्ण रिकामी करून पुन्हा भरायची सवय नसते. रात्रभर दिवा लावून रोज रिकामी केलीत तर एका हंगामात पातळ प्लेटांचा माल झडून खाली बसतो. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उलटी. तिच्या प्लेटा जाड, हळूहळू रिकामी व्हायला बनलेल्या. १५० एएचच्या ट्युब्युलरवर इंजिन चालू होतच नाही असं नाही, होतं, आपल्यातल्या काहींनी केलंही आहे. पण ती पन्नास किलोच्या वर वजनाची, उंच, होडी कलली की अ‍ॅसिड सांडणार, आणि तिच्या आकाराच्या मानाने झटका कमी. त्यापेक्षा निम्म्याहून लहान स्टार्टिंग बॅटरी ते काम जास्त चांगलं करते. ज्याच्या घरी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडून आहे आणि तो म्हणतो वाया कशाला घालवू, त्याला सांगणं एवढंच, ती दिव्याला लावा. स्टार्टरला नको.

दुसरा मोह ई-रिक्षाच्या बॅटरीचा. इंदुरात ई-रिक्षा एवढ्या झाल्यात की उतरवलेल्या बॅटऱ्या स्वस्तात मिळतात. रिक्षात चार लावलेल्या असतात, ४८ व्होल्टला. दुकानदार मीटर लावून दाखवतो, "देखो भैया, बारा-साढ़े बारा." मीटरवर साडेबारा दिसतो कारण काही ओढतच नाहीये. म्हातारा बैल गोठ्यात उभा असताना चांगलाच दिसतो, जुंपल्यावर कळतं. या बॅटऱ्या मुळात हळू करंटच्या, त्यात वर्ष-दीड वर्ष पिळून काढलेल्या. घेऊ नका.

नव्या बॅटरीवर किंवा तिच्या कागदावर सीसीए असा एक आकडा शोधा. कोल्ड क्रँकिंग अँपिअर. उणे १८ अंश तापमानात ३० सेकंद किती अँपिअर देऊनही बॅटरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, तो हा आकडा. तुम्ही म्हणाल, उणे १८ आपल्याला काय करायचंय, इंदूरला डिसेंबरात फार तर स्वेटर लागतो. खरं आहे. पण सगळ्या बॅटऱ्या एकाच फुटपट्टीने मोजलेल्या असल्या तर तुलना करता येते, त्यासाठी तो हवा. लहान कारची ३५ एएचची बॅटरी साधारण ३०० सीसीएच्या आसपास असते. तुमच्या इंजिनाला किमान किती लागतो ते इंजिनाच्या पुस्तकात असतं. पुस्तक हरवलं असेल तर स्टार्टरवरच्या पट्टीचा फोटो काढून दुकानात दाखवा, त्यावर किलोवॉट लिहिलेले असतात. एवढं लक्षात ठेवा की त्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनापेक्षा डिझेलला बराच जास्त जोर लागतो, कारण डिझेलमध्ये हवा दाबूनच तापवायची असते. म्हणून शेजाऱ्याच्या आउटबोर्डला जी बॅटरी चालते ती तुमच्या डिझेलला चालेलच असं नाही. किमान आकड्याच्या थोडं वर घ्या. फार वर घेण्यात अर्थ नाही, कारण ती भरायची कोणी? लहान आउटबोर्डचं चार्जिंग मोजकेच अँपिअर देतं. मोठी बॅटरी अर्धवट भरलेलीच राहते आणि अर्धवट राहिलेली शिशाची बॅटरी लवकर मरते.

जातींबद्दल थोडक्यात. पाणी घालायची साधी बॅटरी स्वस्त, आणि उन्हात पाणी कमी झालं तर घालता येतं, हा तिचा फायदा. आपल्या मे महिन्यात चाळीसच्या वर पारा जातो तेव्हा हे कामाचं. बंद, मेंटेनन्स-फ्री बॅटरी कमी कटकटीची, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. एजीएम म्हणून एक येते, तिच्यात अ‍ॅसिड काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषलेलं असतं. कलली तरी सांडत नाही, हादरे चांगले सोसते, झटका जोरदार, किंमत जास्त. ज्याची बोट रोज लाटांवर आपटते त्याने तिचा विचार करावा. लिथियम फॉस्फेट हलकी आणि टिकाऊ, पण तिच्या आत एक सर्किट असतं, ते करंट मर्यादेबाहेर गेला की बॅटरी बंद करतं. स्टार्टरचा पहिला झटका नेमका तिथेच अडतो. 'इंजिन स्टार्टिंगसाठी' असं कंपनीने स्पष्ट लिहून दिलेलं असेल तरच, आणि तुमच्या इंजिनाचं चार्जिंग तिला चालतं का हे विचारूनच घ्या. माझं मत विचाराल तर आजच्या घडीला आपल्या लहान बोटींना चांगली साधी स्टार्टिंग बॅटरी पुरे.

दुकानात गेलात की बॅटरीवरची बनवल्याची तारीख बघा. कोड असेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. सहा-आठ महिने न भरता फळीवर पडलेली बॅटरी नवी नसते, तिला फक्त कोणी वापरलेलं नसतं. मीटर लावायला सांगा, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. आणि वॉरंटी! कारची बॅटरी बोटीवर लावली तर वॉरंटी मिळेलच असं नाही. पैसे देण्याआधी विचारा, नंतर नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चांगली बॅटरी आणूनही निम्म्या तक्रारी इथेच राहतात. वायर.

बॅटरी मागे, इंजिन मध्ये, किंवा उलट. समजा तीन मीटर अंतर. जायची तीन आणि यायची तीन, मिळून सहा मीटर. घरच्या वायरिंगची ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हाताला चांगली जाड लागते, म्हणून काही जण तीच ओढतात. १५० अँपिअरला त्या सहा मीटरमध्ये जवळपास अडीच व्होल्ट वायरच खाऊन टाकते. बॅटरी स्वतः तोपर्यंत साडेदहावर आलेली, म्हणजे स्टार्टरला मिळाले आठ. तो काय फिरणार! तीच केबल २५ चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान ०.६ व्होल्ट, ३५ ची घेतली तर ०.४५ च्या आत. केबल महाग वाटते, पण एकदाच घ्यायची असते. जमेल तितकी बॅटरी इंजिनाजवळ आणा, म्हणजे केबलही कमी लागते.

टर्मिनलचं तेच. हिरवा-पांढरा चुरा साचलेला, नट बोटाने फिरेल इतका ढिला. अशा जोडात ओहमचा शंभरावा भाग विरोध असला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जातो आणि टर्मिनल गरम होतं. तपासायची सोपी रीत सांगतो. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरं टोक त्याच खुंटावर बसवलेल्या केबलच्या लगवर. एकाला सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर जोड खराब, बॅटरीला दोष देऊ नका. साफ करून, घट्ट करून वर पातळ ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा.

मग खुद्द बॅटरी तपासा. इंजिन बंद करून रात्रभर ठेवली आणि सकाळी मीटरवर १२.६ किंवा वर आला तर भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते म्हणजे ठीक, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. आता सेल्फ मारताना बघा. साडेनऊच्या खाली जात असेल आणि केबल-जोड चांगले असतील, तर एकदा पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. तरीही तेच, तर बॅटरी संपली. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसायला हवा. नाही दिसला तर चार्जिंगच होत नाहीये, नवी बॅटरी लावूनही आठ दिवसांत तुम्ही परत तिथेच.

ज्यांच्या बोटीवर दिवे, फिश फाइंडर, गाण्याचा डबा सगळं आहे, त्यांनी दोन बॅटऱ्या ठेवाव्यात, एक फक्त स्टार्टरची, दुसरी बाकीच्यांची. मध्ये एक स्विच, म्हणजे एकीने दुसरीला रिकामं करायला नको. एकच ठेवायची असेल तर रात्री जाळं टाकून थांबताना दिवा वेगळा, चार्जिंगचा आणा. जुनी आणि नवी बॅटरी शेजारी शेजारी जोडून जोर वाढवायचा प्रकार करू नका, जुनी नवीला ओढून खाते. कोकणातल्या मोठ्या बोटींवर २४ व्होल्टचा स्टार्टर असतो, तिथे दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात. त्या एकाच वयाच्या, एकाच जातीच्या हव्यात. एक गेली तर दोन्ही बदला.

सेल्फ सलग दहा सेकंदांच्या वर मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, बॅटरी थोडी सावरते आणि स्टार्टरही जळत नाही. ज्या डिझेलला कॉम्प्रेशन सोडायचा लिव्हर आहे, त्यांनी बॅटरी मंद वाटली तर लिव्हर उचलून आधी इंजिन मोकळं फिरू द्यावं, वेग आला की सोडावा. आणि हँडल किंवा दोरी बोटीवर ठेवाच. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला पहिल्यांदा विजेचा स्टार्टर लागला, त्याआधी सगळं जग हँडलच मारत होतं, मनगटं मोडून घेत होतं. आपल्या जुन्या लोकांना ते माहीत आहे. तरुण पोरांना एकदा काठावर शिकवून ठेवा, पाण्यात शिकायची वेळ नको.

बॅटरी पेटीत, पट्ट्याने बांधलेली, पॉझिटिव्हवर रबराचं टोपण. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली तर स्फोट होतो, म्हणून झाकण हवेशीर ठेवा आणि जवळ बिडी नको. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. समुद्रावरच्यांनी एक जास्तीचं लक्षात ठेवायचं : खारं पाणी बॅटरीच्या आत गेलं तर क्लोरिनचा विषारी वायू निघतो. बॅटरी बुडाच्या पाण्यापासून उंच ठेवा.

बंदीचे दोन महिने म्हणाल तर बॅटरी बोटीवर सोडू नका. नुसती पडून राहिली तरी ती रोज थोडी रिकामी होते, उन्हात जास्त. रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, ते नंतर चार्जरनेही सुटत नाहीत. घरी आणा, सावलीत ठेवा, पाणी बघा (फक्त डिस्टिल्ड, घरच्या आरओचं नाही, आणि अ‍ॅसिड तर मुळीच नाही), महिन्यातून एकदा मीटर लावा, १२.४ च्या खाली दिसली की पूर्ण चार्ज करा. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा बघा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन मागच्या अंगणात फोडू देऊ नका, ते शिसं मातीत आणि विहिरीत जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या, तिचे पैसे बिलातून वजा करून मागा.

संस्थेच्या कार्यालयात मीटर ठेवला आहे. बॅटरी आणायला जड वाटत असेल तर मीटर घेऊन जा, वहीत नाव लिहा आणि दुसऱ्या दिवशी परत आणा.